होडीतलं पांढरं पाणी

"ओत रे! अजून एक बादली!" श्रेयस ओरडला.

"होडीत पानी शिरू नये म्हनून होडीतच पानी भरून राहिलो आपन!" शिवम धापा टाकत म्हणाला. "लोक पागल म्हनतीन आपल्याले!"

"बाहेर कुठे गळतंय ते बघ," प्रणाली एवढंच म्हणाली.

वलगावजवळच्या तलावाकाठी दोन टायरांवर तिच्या बाबांची शिडाची होडी ठेवली होती. श्रावणात बाबा गेले. तेव्हापासून प्रणालीला रडू आलं नव्हतं, आणि हसूही नाही. दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून मामेभाऊ श्रेयस आला, शेजारच्या शिवमलाही हुरूप आला आणि होडी बाहेर निघाली. होडीला हात लावला की काहीतरी होईल, असं प्रणालीला वाटलं होतं. काहीच झालं नाही. लाकूड लाकडासारखंच लागलं.

"सापडलं! इथं टपकून राहिलं!" शिवमनं खडूनं फुली मारली. फळ्यांच्या सांध्यांत अशा तीन जागा निघाल्या.

मग होडी उन्हात वाळवली. जवसाच्या तेलात भिजवलेला कापसाचा पीळ पेचकसानं सांध्यांत ठासला, वरून लांबीची पुट्टी भरली. ती सुकल्यावर पुन्हा पाणी ओतलं. तिन्ही फुल्या कोरड्या!

पण थोड्या वेळानं, गल्लीतल्या देवीदासकाकांनी हौसेनं बसवून दिलेल्या नव्या बाकाखालून धार लागली. पांढरी!

"होडी दूध देऊन राहिली का बे?" शिवमनं डोळे विस्फारले.

प्रणालीनं बोट लावून वास घेतला. "साबण आहे."

"म्हणजे जुना बाक काढल्यावर काकांनी त्याच्या बोल्टांची भोकं साबणानं बुजवली! वरून रंग फासला!" श्रेयस म्हणाला. आणि काका तर त्याच संध्याकाळी या होडीतून गल्लीतल्या पाच चिल्ल्यापिल्ल्यांना तलावाच्या मधोमध नेणार होते!

काकांनी हसण्यावारी नेलं. "अवं पोरी, साबन तं सुतारही लावते स्क्रूले! माहं काम पक्कं असते!"

प्रणालीनं वाद घातला नाही. "काका, पोरं बसायच्या आधी नव्या बाकावर तुमचा फोटो काढू?"

काकांनी केस विंचरले. कमरेएवढ्या पाण्यात होडी उभी केली. प्रणालीनं दोर धरला.

"मान वर! आता डावीकडे! आता व्हिडिओ!" श्रेयसचं संपेचना.

"पाय ओले कावून झाले?" काकांनी खाली पाहिलं. बुटांभोवती फेस! ते दचकून उठले, होडी कलली आणि काका धप्पकन पाण्यात!

शिवम पोट धरून लोळला. हे हसण्यासारखं आहे, हे प्रणालीला कळत होतं.

"मधोमध असते तर?" तिनं शांतपणे विचारलं.

काठावर पाच पोरं लाइफ जॅकेट घालून वाट पाहत होती. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "चुकलोच मी," ते म्हणाले.

त्यांनीच सागवानी खुंट्या तासल्या, लांबी लावून भोकांत ठोकल्या. दोन दिवसांनी होडी तलावात तासभर तरंगत ठेवली, मगच पोरं बसली.

"या तिघांनी जीव वाचवले!" काका काठावर सगळ्यांना सांगत सुटले. आईनं प्रणालीच्या पाठीवरून हात फिरवला. "शाब्बास गं!" प्रणालीनं मान हलवली. ती शाबासकी दुसऱ्याच कुणाला तरी दिल्यासारखी वाटली.

मग तिनं सुकाणू धरलं. शीड फुगलं, पोरं किंचाळली.

"बाबाची याद येते का?" शिवमनं हळूच विचारलं.

"काहीच येत नाही रे."

"मंग?"

"मंग काही नाही. दोर ओढ."

तिनं वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला. पाण्याचा एक थेंब नव्हता. तिनं होडी वाऱ्याकडे वळवली.