ईटचा राखीव सर्व्हर

तुळजापुरात वाढलेल्या मला ढोकी म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकण्याचं ठिकाण, एवढंच ठाऊक होतं. मागच्या जानेवारीत तिथं तीन आठवडे राहिले आणि इतकी हसले, की गाल दुखले.

जिल्ह्यातल्या एका महिला दूध संघाची शहाण्णव संकलन केंद्रं. सगळ्या बायकांनी मोबाईलवरून एकमेकींशी बोलावं, कागद पाठवावेत, बैठका घ्याव्यात, अशी त्यांची स्वतःची व्यवस्था उभारायची होती. सर्व्हर किती, कुठं, आणि एक बंद पडला तर पुढं काय, हे ठरवणं माझं काम. मुख्य सर्व्हर मी ढोकीच्या कार्यालयात ठेवला. राखीव सर्व्हर दीड तासावरच्या ईट गावच्या केंद्रात पाठवायचं ठरवलं. इथली वीज गेली तरी तिथली असेल म्हणून.

"नीरजाताई, सोमवारच्या बैठकीला सोनारीच्या बाया पहाटंच निघत्यात," अध्यक्षा सारजाबाई म्हणाल्या. "हे जमलं तर लई बरं व्हईल."

संचालक मंडळातल्या काहींना मात्र हे खूळ वाटत होतं. चाचणी त्यांच्यासमोरच द्यायची होती. भर बैठकीत मुख्य सर्व्हरची वायर उपसायची आणि ईटच्या मशीननं बैठक सांभाळायची. नाही सांभाळली तर योजना बाद.

मंगळवारी मी ईटच्या पत्त्यावर सहज हाक मारून पाहिली. म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला 'आहेस का?' असं विचारायचं. तिथं अजून काहीच पोचलं नव्हतं.

उत्तर आलं.

पत्ता चुकला असेल, असं वहीत लिहून मी पुढच्या कामाला लागले.

गुरुवारी ईटचे व्यवस्थापक कल्याणप्पा फोनवर म्हणाले, "मशीन आलं बघा. टेबलावर ठेवलंय."

"जोडलं का?"

फोन कटला. मी पुन्हा हाक मारली, उत्तर लगेच आलं, म्हणजे जोडलंच असणार. ढोकीत बसूनच मी त्यावर सगळी मांडणी चढवली. चार तासांचं काम वीस मिनिटांत झालं. त्या आनंदात सारजाबाईंनी मला शेतात हुरडा खायला नेलं.

शनिवारी सकाळी अकराला बैठक भरली. भिंतीवरच्या पडद्यावर शहाण्णव चौकटी. एकीच्या चौकटीत म्हशीनंच तोंड घातलं, तेव्हा विरोधातले संचालकही हसले. सोनारीच्या गिरिजाबाई वैरणीवर बोलत होत्या. मी वायर उपसली.

अर्ध्या मिनिटाचा खंड मी गृहीत धरला होता. गिरिजाबाईंचं वाक्यसुद्धा तुटलं नाही.

टाळ्या, शिट्ट्या, पेढे. सारजाबाईंनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. त्या गलक्यात कल्याणप्पा त्यांच्या चौकटीतून म्हणाले, "ताई, आमचं मशीन जोडायला कधी येताय? खोकं तसंच हाय, सील बी फोडलं न्हाय."

बायका खो खो हसल्या. मीही हसले. मग कल्याणप्पांचा चेहरा नीट पाहिला. ते चेष्टा करत नव्हते.

दुपारी मी आणि सारजाबाई ईटला पोचलो.

टेबलावर खोकं होतं. चारी बाजूंनी चिकटपट्टी. आत जाणारी एकही वायर नव्हती.

मी पुठ्ठ्यावर हात ठेवला. धार काढून आणलेल्या कॅनसारखा कोमट.

पट्टी कापली. थर्माकोल उचलला.

मशीनचा पंखा फिरत होता.

"चालू हाय की!" सारजाबाई आनंदानं म्हणाल्या. मग त्यांनी वाकून खोक्याच्या मागं-खाली वायर शोधली. शेवटी हळूच म्हणाल्या, "राहू द्या असंच. हात नका लावू."

आज वर्ष झालं. ढोकीचा सर्व्हर सहादा बंद पडला, पण एकही बैठक मोडली नाही. गिरिजाबाई घरच्या ओट्यावर बसून वैरणीवर भांडतात. कल्याणप्पा रोज फडक्यानं मशीन पुसतात.

विजेच्या वायरीची पिशवी कपाटात आहे. ती अजून फोडायची गरज पडलेली नाही.