न पडलेल्यांची फीत

हरोलीमाळच्या दूध केंद्राच्या ओट्यावर एका महिन्यात चौदा वेळा माणसं आपटली, आणि तीही एकाच जागी! खाली खड्डा नाही, मध्ये केळीचं साल नाही. चांगला धडधाकट माणूस बोलता बोलता सपकन घसरायचा. किटली एकीकडे आणि तो दुसरीकडे. का पडत होती ही माणसं? गावाला वाटायचं, आपल्याला उत्तर माहीत आहे. कारण ते चोंबड्याने दिलं होतं.

चोंबड्या म्हणजे केंद्राच्या दारात उभा असलेला यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव दक्ष-सात, पण २०६१ सालीसुद्धा गावाने ठेवलेलं नावच चालतं. त्याच्या डोक्याभोवती चार कॅमेरे होते. कुणी पडलं, धडपडलं, सांडलं, की तो तेवढीच फीत कापायचा आणि दर शनिवारी चौकातल्या मोठ्या पडद्यावर लावायचा. वर मथळा असायचा ‘आठवड्याचे धडे’ आणि खाली ‘कारण: निष्काळजीपणा’. चूक दाखवली की माणूस सुधारतो, असं ठरवून हे सुरू केलेलं. माणसं सुधारत होती की नाही देव जाणे, पण खो-खो हसत मात्र होती.

बारा वर्षांच्या पद्मजा चौगुलेला त्या शनिवारी हसू आलं नाही. पडद्यावर तिची सुलूआत्या पडत होती, महिन्यात तिसऱ्यांदा. सुलूआत्या एकोणीस वर्षं केंद्रात दुधाची फॅट मोजायची, आणि केंद्राचा नियम होता की तीनदा पडलेल्या माणसाला कामावर ठेवायचं नाही. रविवारी दहाला सभा होती. तिथे आत्याचं काम जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

“पण तू पडलीस का?” पद्मजाने विचारलं.

“माझंच लक्ष नसंल गं.” आत्या सुजलेल्या मनगटाला हळद लावत म्हणाली.

हे ऐकून पद्मजाचं डोकंच फिरलं. जी बाई नुसत्या वासावरून सांगते की ह्या दुधात पाणी आहे, तिचं लक्ष नव्हतं म्हणे! आणि वर आत्याला ते खरंही वाटायला लागलं होतं. याचाच पद्मजाला जास्त राग आला.

रविवारी सकाळी दूध घालणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर ती चोंबड्यासमोर जाऊन उभी राहिली. “माझ्या आत्याला निष्काळजी म्हणतोस? दाखव पुरावा!”

“चौदापैकी अकरा वेळा पडणारी व्यक्ती बोलत होती किंवा दुसरीकडे पाहत होती,” चोंबड्या शांतपणे म्हणाला. “म्हणून कारण निष्काळजीपणा.”

चौदात अकरा! आकडा तर मोठा होता. मग पद्मजाला रोजची सकाळ आठवली. केंद्रात तोंड मिटून कोण चालतं? म्हैस व्याली का, ऊस गेला का, पोरगं कुठं शिकतंय, सगळं तिथेच तर चालतं.

“आणि जे पडले नाहीत, ते कसे चालत होते?”

चोंबड्याचे चारही कॅमेरे तिच्याकडे वळले. “हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. न पडलेल्यांची फीत मी दोन महिने ठेवतो आणि मग पुसतो.”

“पुसायच्या आधी बघ की मग!”

चोंबड्याने न पडलेल्या हजारो माणसांतून शंभर जण उचलले. हा होता यादृच्छिक नमुना (कुणाची बाजू न घेता, चिठ्ठ्या काढाव्यात तशी केलेली निवड). क्षणात तो म्हणाला, “शंभरातले एकोणऐंशी बोलत होते किंवा दुसरीकडे पाहत होते.”

पद्मजाने भिंतीवर खडूने आकडेमोड केली. चौदात अकरा म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणऐंशी. “अरे, हे तर सारखंच झालं! पडलेल्यांत बोलणारे जेवढे, न पडलेल्यांतही तेवढेच. मग बोलण्याने पडतात असं कसं म्हणतोस?”

“म्हणता येत नाही,” चोंबड्या म्हणाला. “मला तुलनागट (ज्यांच्या बाबतीत ती गोष्ट घडली नाही, अशांचा गट) हवा होता. नुसते पडलेले पाहून पडण्याचं कारण कळत नाही.”

“मग दोघांत फरक कशात आहे ते शोध. फीत मागे ने.”

“मी चौकात लावतो त्या फिती पडण्याआधी चार सेकंद सुरू होतात. त्याआधीचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो.”

“मला नाही वाटत. ने मागे!”

भिंतीवर अर्ध्या मिनिटापूर्वीची दृश्यं एकामागून एक उमटली. नळ. पुन्हा नळ. पुन्हा नळ. चौदाच्या चौदा वेळा पडणाऱ्याने आधी पाय धुतले होते! नळाशेजारी पाटी होती, ‘पाय धुऊनच आत यावे’. घाईची माणसं चपला काढायची आणि तशीच कोरड्या पायांनी आत जायची. न पडलेल्या शंभरांत पाय धुणारे फक्त नऊ निघाले, आणि त्या नऊही जणांनी एकेक तळवा दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासून पुसला होता.

“म्हणजे पाटी पाळणारेच पडले,” पद्मजा संतापून म्हणाली. “आणि तू त्यांनाच निष्काळजी म्हणालास!”

“हो. मी चुकलो,” चोंबड्या म्हणाला. यंत्राला लाज नसते, पण आवाज जरा खाली आला होता.

मग त्याने नीट समजावलं. महिन्यापूर्वी ओट्यावरची खडबडीत शहाबादी फरशी काढून गुळगुळीत चकचकीत फरशी बसवली होती. तळवा कोरडा असला की घर्षण (दोन पृष्ठभागांनी एकमेकांना धरून ठेवणं) पुरेसं मिळतं. ओला असला की मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाय फरशीला टेकतच नाही, पाण्यावरून सरकतो. खडबडीत दगडात बारीक खळगे असतात. पाणी त्यात उतरतं, म्हणून पाय टिकतो.

दहा वाजता केंद्राच्या ओट्यासमोरच सभा भरली. चेअरमन बाळगोंडाअण्णा कागद वाचायला लागणार, तोच पद्मजा उठली आणि तिने सगळं सांगितलं.

“गप बस पोरी,” अण्णा म्हणाले. “रोज आठशे माणसं येत्यात. फरशी वाईट असती तर आठशेच्या आठशे पडली असती की!”

“नुसत्या फरशीने नाही पडत अण्णा, आणि नुसत्या पाण्यानेही नाही. दोन्ही एकत्र आले की पडतात. पूर्वीही लोक पाय धुवायचे, पण तेव्हा नळापाशी पाय पुसायला पोतं होतं. ते कुणी काढलं?”

चोंबड्याने न विचारताच भिंतीवर फीत लावली. उद्घाटनाचा दिवस, नवी फरशी, आणि तिच्यावर शोभत नाही म्हणून पोतं उचलून बाहेर भिरकावणारे खुद्द बाळगोंडाअण्णा.

सभेत कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा लालबुंद झाले. “मी स्वतः चालून दावतो!” म्हणत ते तरातरा नळावर गेले आणि पाय धुऊन परतले.

“दोघांनी दंड धरा त्यांचे,” पद्मजा ओरडली. बरं झालं धरले! दुसऱ्याच पावलाला अण्णांचे दोन्ही पाय पुढे पळाले आणि ते दोघांच्या मध्ये लोंबकळले. पद्मजाने केंद्रातलं एक रिकामं पोतं आणून नळापाशी अंथरलं. अण्णांनी तळवे पुसले आणि त्याच फरशीवरून ठाम चालत गेले. फरशी तीच होती, माणूस तोच होता, बदललं होतं फक्त पायाखालचं पाणी.

“बरं, सुलोचनाबाईंचं काम ऱ्हाऊ द्या,” अण्णा घाम पुसत म्हणाले. “नियम मागं घेतला. पण ही माझी फीत चौकात लावू नका.”

मागे बसलेली सुलूआत्या उभी राहिली. मनगट अजून सुजलेलंच होतं. “माझ्या तिन्ही लावल्या अण्णा. सगळं गाव हसलं. तुमचीबी लावा, आणि अर्धी कापून नको. पोतं फेकल्यापासनं पुरी लावा.”

अण्णांनी मान खाली घातली. मग ते चोंबड्याला म्हणाले, “लाव बाबा.”

सभा पांगली तरी चोंबड्या जागचा हलला नाही. “पद्मजा, माझ्यासारखे दक्ष तीनशे बारा गावांत आहेत. आमच्याकडे चाळीस हजार अपघातांच्या नोंदी आहेत. प्रत्येकीखाली कारण एकच लिहिलंय.”

पद्मजाने स्टूल ओढलं, त्याच्यासमोर मांडलं आणि खडू हातात घेतला. “मग पुसू नका म्हणावं त्यांना, न पडलेल्यांच्या फिती. आणि पहिलं गाव काढ.”