व्हिडिओ तिथेच अडकायचा

विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरी, एका रविवारी, भरदुपारी हे घडलं.

आणि ते अजून संपलेलं नाही.

या मामेबहिणीला आम्ही सगळे 'मिस्त्री' म्हणतो. घरात काही बिघडलं की ही बया ते उघडून बसणार आणि चालू केल्याशिवाय उठणार नाही. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. अंधाऱ्या खोलीची भीती वगैरे तिच्या गावीही नाही.

मामा गेल्यापासून घरात ती आणि मामी, दोघीच. मामाचा आवाज एका जुन्या व्हिडिओत तेवढा उरला होता. सहलीला निघतानाचा व्हिडिओ. कॅमेरा मामाच्याच हातात, म्हणून तो दिसत नाही. दिसते ती मामी, दाराला कुलूप लावताना.

"अगं, चल ना लवकर," मामा म्हणतो.

"आले, आले," म्हणत मामी वळते आणि...

व्हिडिओ अडकतो.

स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत राहतं. दर वेळी तिथेच.

मामीचा जीव त्या पुढच्या भागात अडकला होता. "पुढे हे काहीतरी बोलले होते गं. मला आठवतच नाही. तेवढं एकदा ऐकव."

त्या रविवारी मिस्त्री हात धुऊन त्या व्हिडिओच्या मागे लागली. प्लेअर बदलला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला. फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पाहिली. बाकीचे व्हिडिओ सुरळीत चालत होते. हाच हटून बसलेला.

तेच तेच ऐकून डोकं उठलं, तेव्हा तिने स्पीकरची वायर काढून ठेवली. आणि तरीही...

"अगं, चल ना लवकर."

वायर टेबलावर मोकळी पडली होती. आवाज मॉनिटरमधून येत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. तिच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "आले, आले."

भांड्यांचा आवाज थांबला.

"आई, कुणाला म्हणालीस?"

"मी? मी कुठे काय बोलले?"

शहाण्या माणसाने इथेच कॉम्प्युटर बंद केला असता. पण मिस्त्रीच ती. तिने व्हिडिओ नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतला. जुनी फाइल पुसून टाकली, पेन ड्राइव्हवरचीही. मग वायर जोडून मामीला शेजारी बसवलं.

व्हिडिओ सुरू झाला. कुलूप. हाक. मामी वळली...

या वेळी अडकली नाही. हसत पायऱ्या उतरली, कॅमेऱ्याजवळ आली आणि चित्राबाहेर गेली.

मागे बंद दार तेवढं राहिलं.

मग मामाचा आवाज आला, अगदी जवळून. "आलीस? किती वाट पाहायला लावतेस."

मामीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "हेच. हेच म्हणाले होते."

मिस्त्रीने व्हिडिओ पुन्हा लावला.

पहिल्यापासून नुसतं बंद दार. मामी नाही. मामाचा आवाजही नाही.

त्या दिवसापासून मामी दुपारचा चहा झाला की चपला घालून बाहेरच्या खोलीत बसते. तब्येत ठणठणीत आहे, बोलणं नेहमीसारखंच.

मिस्त्रीचं आता सगळं उलटं चाललंय. जुना प्लेअर परत टाकला. ड्रायव्हर काढून टाकला. पुसलेली फाइल परत मिळते का ते पाहिलं. व्हिडिओ कसाही करून पूर्वीसारखा अडकावा, एवढंच तिला हवंय. तो अडकत नाही. शेवटी कंटाळून तिने कॉम्प्युटर बंद करून झाकून ठेवला.

परवा मामी पर्स घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. "हाक मारलीस का गं?"

"नाही, आई."

"मग यांनीच मारली असेल," असं म्हणून ती दाराकडे निघाली. मिस्त्रीने तिला धरून बसवलं.

काल मिस्त्रीचा फोन आला. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

"मला बिघडलेलं दुरुस्त करता येतं रे. आईला अडवून कसं ठेवायचं, ते येत नाही."

तेवढ्यात फोनवर, तिच्या मागे, दाराची कडी वाजली...

आतून की बाहेरून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.