राजीनामे : शून्य

"दोन वर्षांत एकही राजीनामा नाही," राजाध्यक्ष म्हणाले आणि आकडा सगळ्यांच्या नीट लक्षात यावा म्हणून क्षणभर थांबले.

राजाध्यक्ष हे 'निर्णय विमा सेवा' या कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख. शाल आणि नारळ घेऊन ते नाशिकच्या शरीरचलनशास्त्र प्रयोगशाळेत आले होते. सत्कार होता डॉ. शाल्मली कारखानीस यांचा. त्यांनी शोधलेला स्नायुचेतक पट्टा आज कंपनीच्या सहाशे कर्मचाऱ्यांच्या कमरेला होता. दिवसभर खुर्चीत बसून ही माणसे तब्येतीने ठणठणीत होती, आणि कुणी सोडूनही जात नव्हते. वरिष्ठांना याहून अधिक काय हवे असते?

"एकदा सोप्या भाषेत सांगा ना, मॅडम," राजाध्यक्षांनी आग्रह केला.

शाल्मलीबाईंना हे सांगायला नेहमीच आवडे. "चालताना स्नायू आकुंचन पावतो आणि रक्तात काही रसायने सोडतो. त्यांनी साखर ताब्यात राहते, हृदय नीट राहते. पट्टा विजेचे बारीक झटके देऊन बसल्या जागी तेच आकुंचन घडवतो. स्नायूला हुकूम मेंदूने दिला की पट्ट्याने, याच्याशी रक्तातल्या साखरेला काही देणेघेणे नसते."

टाळ्या पडल्या. हे वाक्य दोनच दिवसांत कंपनीने जिन्याच्या भिंतीवर रंगवून घेतले. जिना तसाही रिकामाच असे.

पट्टा त्यांनी केला होता धाकट्या भावासाठी. हेरंब 'निर्णय'मध्ये विम्याचे दावे तपासत असे. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याची साखर तीनशेवर गेली. डॉक्टर म्हणाले, तासातासाला उठून चाला. पण तो उठला की पडद्यावर 'जागेवर नाही' अशी लाल पाटी उमटे आणि वरिष्ठांचा फोन येई. चार वाजता सगळे मिळून चार मजले उतरून फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला जात, तेवढेच काय ते पायांना सुख. पट्टा आला आणि सगळ्यांत आधी ती चहाफेरी बंद झाली. पाय टेबलाखाली चालतातच आहेत, मग खाली कशाला जायचे? चहा टेबलावर येऊ लागला.

मोजमापे दर महिन्याला होत. साखर, नाडी, मांडीचा घेर, पोटरीची ताकद. प्रयोगाचा एक नियम शाल्मलीबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता : 'नमुन्यास उठवू नये.' माणूस उठला, चालला, तर गुण पट्ट्याचा की चालण्याचा हे कसे कळणार? नियम शास्त्राला धरून होता. त्यामुळे दोन वर्षे सहाशे माणसांचे पाय तपासले गेले आणि एकालाही कुणी उभे राहा म्हटले नाही.

मध्यंतरी कंपनीने एक मागणी केली होती. संध्याकाळी लोक जिन्यात अडखळतात, पट्ट्यानेच पावले टाकायला लावता येतील का? शाल्मलीबाईंनी एका दुपारात 'चालक्रम' लिहून दिला. कळ दाबली की पट्टा माणसाला उभे करी आणि चालवी. लोक का अडखळतात हे त्यांनी विचारले नाही. अहवालात तर पाय उत्तम होते.

सत्कारानंतरच्या रविवारी सकाळी हेरंबचा फोन आला.

"ताई, जरा येतेस? पट्टा चार्जिंगला लावलाय आणि मी बाथरूममध्ये आहे."

"मग?"

"मग काही नाही. नुसता आहे."

हेरंब एकटाच राहत असे. किल्ली शाल्मलीबाईंकडे होती. तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता, ओला, आणि लाजलेला. त्यांनी त्याची पोटरी दाबून पाहिली. गवंड्याची असते तशी घट्ट होती.

"उठ."

"मी केव्हाचा उठतोच आहे, ताई. पायांना कळत नाहीये."

"किती दिवस झाले याला?"

"झाले असतील सात-आठ महिने. आधी नुसता जिना जड जायचा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस गं," हेरंब म्हणाला.

शाल्मलीबाई तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि रडल्या. शास्त्रज्ञ रडतात तेव्हा इतरांसारखेच रडतात.

दुसऱ्या दिवशी त्यांची जुनी मैत्रीण, मज्जातज्ज्ञ इरावती इनामदार, हिने हेरंबला तपासले.

"स्नायू झकास आहेत. नस शाबूत आहे. गेलाय तो हुकूम," इरावती म्हणाली. "मेंदू फार काटकसरी असतो, शाल्मली. रोज नऊ तास पायांना दुसराच कुणी हुकूम सोडतोय म्हटल्यावर त्याने सोडायचं बंद केलं. तुझ्या त्या वाक्यात चूक नव्हती. साखरेला देणंघेणं नसतं. मेंदूला असतं."

"परत येईल?"

"पट्टा काढून तीन महिने. उपचार केंद्रात राहून, लहान मूल शिकतं तसं. पण लगेच. आणखी सहा महिने गेले तर मी काही करू शकणार नाही."

पट्टा काढून रजा देण्याची कंपनीच्या नियमांत सोय नव्हती. राहिला राजीनामा. न सांगता गेले तर 'बेपत्ता' अशी नोंद होई आणि उपचाराचा विमाच बंद पडे. राजीनाम्याचा नियम असा : आधी पट्टा आपल्या मजल्यावर जमा करायचा, मग तळमजल्याच्या खिडकीत स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा. खिडकीची वेळ दहा ते बारा. नियम जुनाच होता, कुणी मुद्दाम केलेला नव्हता.

मंगळवारी हेरंब नेहमीसारखा पट्टा लावून कामावर गेला आणि मागोमाग शाल्मलीबाई चाकांची खुर्ची घेऊन कंपनीत गेल्या. लिफ्ट पट्ट्याची ओळख पटल्याशिवाय हलत नसे, म्हणून खुर्ची खाली ठेवून त्या जिन्याने चौथ्या मजल्यावर पोहोचल्या. दीडशे माणसे रांगेने बसली होती आणि टेबलांखाली तीनशे पोटऱ्या एका ठेक्यात उडत होत्या.

राजाध्यक्ष हसतमुखाने पुढे आले. "घेऊन जा की, मॅडम. आम्ही कुणाला अडवत नाही."

हेरंबने पट्टा काढून टेबलावर ठेवला. तळहात टेकून त्याने अंग उचलले. गुडघे त्याच्याखाली आलेच नाहीत. शाल्मलीबाईंनी शेजारच्या तरुणाला म्हटले, "जरा हात लावता का?" तो कावराबावरा झाला. चालक्रम कामाच्या वेळेत बंद असे. नऊ, एक आणि सहा, एवढ्याच वेळा तो सुटे. "मॅडम, एक वाजता लावतो," तो अगदी मनापासून म्हणाला.

चार मजले हेरंब बसून उतरला. हात टेकायचे, एक पायरी खाली सरकायचे, मग पाय उचलून आणायचे. भिंतीवरचे बहिणीचे वाक्य त्याने वाचले. तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "चहाला उतरायचो तेव्हा हा जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी उतरायचो."

खाली पोहोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. शाल्मलीबाईंनी त्याला चाकांच्या खुर्चीत बसवले आणि खिडकीपाशी नेले. आत आंबेकर नावाचे छप्पन्न वर्षांचे कारकून होते. खिडकी उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती, आणि समोरचा बोळ इतका अरुंद की खुर्ची मागे घेऊनही हेरंब आतून दिसला नसता. शाल्मलीबाईंनी अर्ज आत सरकवला.

"अर्जदार कुठे आहेत?"

"इथेच आहे, खिडकीखाली. खुर्चीत."

"मला दिसायला हवेत, बाई. तसं लिहून सही करावी लागते."

"आंबेकर, अहो मीच, हेरंब. चहाच्या फेरीतला," खालून आवाज आला.

"आवाज ओळखला हो. पण पाहिलं असं लिहायचंय. खोटं कसं लिहू?"

"मग जरा उठून बघा ना," शाल्मलीबाई म्हणाल्या.

"चालक्रम एकला सुटतो."

"खिडकी बाराला बंद होते."

"हो," आंबेकर म्हणाले.

"पट्टा राहू द्या. तुमचे तुम्ही उठा. एकदाच."

आंबेकर जरा हसले. हे काय सांगायला हवे, असे ते हसू होते. त्यांनी चष्मा नीट केला, टेबलावर हात टेकले. खांदे वर गेले, मानेची शीर फुगली. ते पुन्हा बसले. मग त्यांनी खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिले. आणखी दोनदा त्यांनी जोर लावला; खुर्ची सुटली नाही.

बाराचा भोंगा झाला. आंबेकरांनी वही ओढली आणि रोजच्या सवयीने तारीख घालून लिहिले, 'राजीनामे : शून्य.' अर्ज त्यांनी परत सरकवला. खिडकीचे दार ओढता ओढता मात्र ते थांबले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही ही चाकांची खुर्ची एकच आणलीत का?"