गुरुवारचा चहा

काळेवाडीतल्या रुग्णसाहित्याच्या दुकानात भाड्याने द्यायची हवेची गादी एकच उरली होती, आणि तिच्या खोक्यावर दोन हात एकदमच पडले.

"मी आधी आले," रश्मी म्हणाली.

"मान्य." तो तरुण म्हणाला, पण हात काही काढला नाही. "तुमचा पेशंट स्वतःहून कुशीवर वळतो का?"

"वळतात. पप्पा आहेत माझे."

"रावेतला एक आजी आहेत, माझ्या पेशंट. त्यांना वळता येत नाही. पाठीला जखम व्हायला लागलीये."

रश्मी चाकणच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. मुद्दा बरोबर असेल तर हरायला तिची हरकत नसे. तिने हात काढून घेतला... पण प्रश्न राहिलाच होता. "हिचा पंप किती मिनिटांनी हवा बदलतो?"

"दहा. दुकानदार काय म्हणाले? 'आपोआप होतंय ताई'?"

"अगदी हेच."

तो हसला. नाव सुजित. ज्यांचे उपचार संपलेत अशा रुग्णांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या संस्थेत तो नर्स होता. हे ऐकून रश्मी थबकलीच. वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत तिने अकरा ठिकाणी फोन केले होते आणि त्यांचा तक्ता मोबाइलमध्ये ठेवला होता. कुठे खाट रिकामी नाही, कुठे नातेवाइकांना थांबू देत नाहीत, तर कुठे 'उपचार बंद केलेत, मग आमच्याकडे कशाला?' पप्पांना तर घर सोडायचंच नव्हतं. आणि 'घरी येतात' हा रकाना अजून कोरा होता.

"तुमचा नंबर द्या," ती म्हणाली. "रकाना भरायचाय."

"नर्स म्हणून सगळे मला ब्रदर म्हणतात," नंबर सांगून तो म्हणाला. "तुम्ही सुजित लिहा."

गुरुवारी तो घरी आला. मनगटापर्यंत हात धुतले, स्टूल ओढून रश्मीच्या वडिलांच्या, धोंडीबांच्या, डोळ्यांच्या पातळीवर बसला. आईने चहा पुढे केला. त्याने मान हलवली. "केस चालू असेपर्यंत पेशंटच्या घरी काही घेत नाही आम्ही. नियम आहे."

रश्मीने अभिमानाने वही उघडली. पप्पांच्या वेदनेचे शून्य ते दहा असे आकडे, तासातासाचे, आणि त्यांचा आलेख. सुजितने तो बराच वेळ पाहिला.

"मॉर्फिन दर चार तासांनी लिहिलंय. तुम्ही मात्र सातच्या वर गेल्यावरच दिलंत?"

"सवय लागू नये म्हणून. सात ही वरची मर्यादा धरली. मर्यादेच्या आत असेल तर... माल पास असतो ना."

ती बोलली आणि स्वतःलाच ते कसंसं वाटलं. तो रागावला नाही. "दुखणं सातवर जायची वाट बघायची नसते. ते यायच्या आधी औषध पोचायला हवं. घड्याळ लावून. आणि अशा दुखण्यात सवयीची भीती नाही धरायची."

कॉटवरून धोंडीबांचा खोल आवाज आला. तीस वर्षं ते कंपनीत मेंटेनन्सला होते. "बरोबर बोलतोय तो. मशीन बंद पडल्यावर नाही ऑइल घालायचं, आधी घालायचं. एवढी शिकली, अन् बापाचंच काम इसरली."

"पप्पा, तुम्ही बरे झालात की—"

"पोरी, आतून काय आवाज येतोय ते मला कळतं. तुम्ही दोघी कशाला लपवता?"

आईने पदर तोंडाला लावला. पण त्या संध्याकाळी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती नवऱ्याजवळ मनमोकळी रडली. आणि पुढच्या आठवड्यात वहीतली रेघ दोनवर आली. धोंडीबा पुन्हा मटणाचा रस्सा मागू लागले, शेजाऱ्यांशी थट्टा करू लागले.

गुरुवार येत राहिले. रश्मीकडे प्रश्न भरपूर.

"आधी कुठे होतात?"

"आयसीयूत, चार वर्षं. तिथे मशीनकडे बघायचो. इथे माणूस माझ्याकडे बघतो."

"आणि रोज कोणीतरी जातं, त्याचं काय करता?"

त्याने औषधाच्या डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "अजून शिकतोय... तुम्ही विचारता तेव्हा जरा कळतं."

तो गेल्यावर धोंडीबा म्हणाले, "पोरगा चहाला नाही म्हणतो, पण बघत राहतो. कपाकडे की तुझ्याकडे, ते नीट तपास."

ती हसली. पण एक साधं गणित होतं. तो यायचा तो पप्पांच्या दुखण्यामुळे. गुरुवार संपणार तेव्हा काय संपलेलं असेल, हे तिला ठाऊक होतं. ती त्याची वाट पाहायची आणि वाट पाहण्याचीच तिला लाज वाटायची.

अकराव्या गुरुवारनंतर, रविवारच्या सकाळी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून धोंडीबा शांतपणे गेले. वहीतला शेवटचा आकडा होता एक.

पप्पांसाठीचा पुण्यानुमोदनाचा बौद्ध विधी झाल्यावर सुजित आला. उरलेली औषधं मोजून घेतली, आईजवळ बसला, तिच्या झोपेची चौकशी केली.

"माणूस गेल्यावर एक भेट असते," दाराशी तो म्हणाला. "तेवढीच नियमात आहे."

"म्हणजे आता केस बंद?"

"हो."

रश्मीने श्वास घेतला. "दुखणं सातवर जायची वाट बघायची नाही, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून आधीच विचारते... पुढच्या गुरुवारी याल?"

"कामाशिवाय?"

"कामाशिवाय."

त्याने उचललेली बॅग पुन्हा खाली ठेवली, आणि आत वळून म्हणाला, "काकू, आज चहा घेईन मी."