सोबतचा नंबर

अर्पिता त्या बुधवारी फक्त गहू दळायला गेली होती. कळंबच्या बाजारगल्लीतली गिरणी दुपारी दोनच्या सुमारास रिकामी असते आणि दवाखानाही तेव्हा बंद असतो, म्हणून तिने ती वेळ धरली. डॉक्टरांकडे पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम लागून तिला अडीच महिने झाले होते. तिने डबा रांगेत ठेवला आणि तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

अनोळखी नंबर ती उचलत नसे. पण हा थांबेचना. चौथ्यांदा वाजला तेव्हा ज्वारीचं गाठोडं घेऊन उभा असलेला म्हातारा तिच्याकडे पाहायला लागला, म्हणून तिने उचलला.

"नमस्कार मॅडम, मी खुशी बोलतेय, तुमच्या मोबाईल कंपनीकडून. तुमच्यासाठी फॅमिली प्लॅन आलाय. तुमचा नंबर आणि घरातला दुसरा नंबर, दोन्ही एकाच रिचार्जमध्ये."

"दुसरा नंबर नाही. मी एकटीच राहते."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. एकट्या बाईने असं कुणाला सांगायचं असतं का? पलीकडे बटणांची टकटक झाली.

"पण इथे तर दिसतंय, मॅडम. दोन्ही नंबर रात्री एकाच घरात असतात. सकाळी दवाखान्यातही सोबतच जातात. आणि आत्तासुद्धा…"

"आत्ता काय?"

"आत्ताही सोबतच आहेत. अगदी शेजारी-शेजारी."

अर्पिताने फोन कापला आणि मागे वळून पाहिलं. म्हातारा होता, पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला होता, बाकी कुणी नव्हतं. तरी तिला तिथे उभं राहवेना. दळण तसंच टाकून ती घरी आली.

ती एवढी का घाबरली, ते आधी सांगायला हवं. अर्पिताचं लग्न महागावच्या विक्कीशी झालं होतं. कृषी केंद्र, वीस एकर शेत, गावात चार लोक मान देणारे. त्याची पहिली बायको सलोनी एका ट्रकवाल्यासोबत सुरतेला पळून गेली, असं तो सांगे, आणि लोक त्यालाच बिचारा म्हणत. बाहेर देवमाणूस आणि घरात यमदूत, अशातला तो होता. संध्याकाळी समोर बसून खर्रा घोटायचा. तंबाखू-सुपारीची ती प्लास्टिकची पन्नी दोन्ही तळहातांत चर्रर्र-चर्रर्र घासत राहायचा आणि बोलायचा काही नाही. तो आवाज थांबला की अर्पिताने समजावं, आता हात उठणार.

एकदा त्याने तिला शेतातल्या जुन्या विहिरीपाशी नेलं. विहिरीवर पत्रा झाकलेला होता. तो पत्रा पायाने वाजवत म्हणाला, "जाशीन तं मले सांगूनच जाजो." तेव्हाच तिने ठरवलं की जायचं ते न सांगता.

जूनच्या अकरा तारखेला तो पहाटे बियाण्यांची गाडी उतरवायला गेला आणि तिने एसटी पकडली. दोन ड्रेस, मोबाईल आणि कपाटाच्या कोपऱ्यात हाताला लागलेला एक जुना चार्जर, एवढंच सोबत. आर्णीच्या अलीकडे तिने जुनं सिम खिडकीतून फेकलं. यवतमाळ सोडून कळंबला उतरली, नौशादच्या दुकानातून नवं सिम घेतलं आणि शकुबाईंच्या माडीवर खोली केली. हा नवा नंबर तिघांनाच ठाऊक होता. नागपूरचा भाऊ अक्षय, घरमालकीण शकुबाई आणि सिम देणारा नौशाद. विक्कीला पत्ता लागला तर तो आपल्याला जिवंत ठेवणार नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. खोलीत येताच तिने दार लावलं आणि लपवलेला फोन शोधायला घेतला. विक्कीनेच कुणाकरवी ठेवला असणार. उशी उसवली, डाळीचा डबा पालथा केला, पंख्याच्या वाटीतही हात घातला. काही नाही. फक्त भिंतीच्या सॉकेटमधला तो जुना चार्जर तिच्या हाताला गरम लागला. जुन्या वस्तू अशाच तापतात म्हणून तिने रोज त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. घरातल्या बायका आपला चार्जर ओळखू यावा म्हणून दोरा गुंडाळतात, तशी त्याच्या वायरीला गुलाबी लोकर गुंडाळलेली होती. पण तिचा फोन सकाळपासून पिशवीत होता. मग चार्जर कशाने तापला?

ती खाली आली. शकुबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या.

"मावशी, तुमच्याजवळ दुसरा मोबाईल हाये काय?"

"अवं बाप्पा! मले हाच उचलता येत नाही, दुसरा कायले ठेवू?" शकुबाई हसल्या. मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुले एक विचारू काय? तुझी बहीण किती दिवस राह्यणार हाये?"

"कोणती बहीण?"

"मी भाडं वाढवत नाही वं, भेऊ नको. पण वरून दोघींच्या चालायचा आवाज येते ना. तू दवाखान्यातून आली का मागून थेही जिना चढते…"

अर्पिताने वर जिन्याकडे पाहिलं. ही बाई खरं सांगते आहे की कुणाचे पैसे खाऊन आपल्याला घाबरवते आहे, हेच तिला कळेना. हल्ली तिला प्रत्येकाच्या पोटात काहीतरी दिसायचं.

आणि मग तिला नौशाद आठवला. सिम घेताना तो म्हणाला होता, "अंगठा नीट नाही उमटला ताई, परत ठेवा." तिने परत ठेवला होता. एका अंगठ्यात एक सिम आणि दुसऱ्या अंगठ्यात त्याच माणसाच्या नावावर आणखी एक, हा धंदा बाजारातले छत्रीखाली सिम विकणारे कित्येक वर्षं करत आले होते. आपल्या नावाचं दुसरं सिम त्याने विक्कीला विकलं असेल, या विचाराने तिच्या अंगाची आग झाली. ती तशीच त्याच्या दुकानात गेली.

"नौशादभाऊ, माझ्या अंगठ्यावर दुसरं सिम कोणाले देल्लं?"

नौशादच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "कसम से ताई, नाही. लोक करतात, मी नाही करत. मशीनच बेकार होती त्या दिवशी. हे पाहा, तुमच्या आधारवर एकच नंबर हाये."

"मंग कंपनीवाली म्हणते का माह्यासंगं दुसरा नंबर फिरते. थो कोणाचा?"

 नौशादने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जुना कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. त्याच्या चेहऱ्यावर शरम होती.

"कंपनी एजन्सीले देते, एजन्सी बाकीच्याइले विकते. कोण कुठं झोपते, केव्हा घरी नसते, कोणासंगं फिरते, सारं. मलेही यादी येते, कव्हर अन् इयरफोन खपवाले. आम्ही घेतो ताई, खोटं कायले बोलू."

अर्पिता पाहत राहिली. अडीच महिने ती अंग चोरून जगत होती, आणि इथे तिचं सगळं जगणं एका ओळीत मांडलेलं होतं. घर, दवाखाना, गुरुवारी चिंतामणीचं देऊळ, किती वाजता गेली, किती वाजता आली. आपण कुठे आहोत हे सख्ख्या आईला ठाऊक नसेल, पण टॉवरला असतं. त्या ओळीच्या शेवटी एक रकाना होता, सोबतचा नंबर. नौशादने त्यावर बोट ठेवलं आणि त्याचं पान उघडलं.

नाव सलोनी. पत्ता महागावचा, विक्कीच्या घराचा.

"अजीबच हाये," नौशाद पुटपुटला. "चार वर्षांपासून रिचार्ज नाही. असा नंबर तं केव्हाचाच बंद होऊन दुसऱ्याले जाते. अन् हे पाहा… चार वर्षं एकाच टॉवरखाली. महागावच्या भाईर, शेताइत. हललासुद्धा नाही. मंग यावर्षी अकरा जूनले आर्णी, यवतमाळ… कळंब."

अकरा जून. अर्पिता स्टुलावर बसली.  सुरतेला पळून गेलेल्या बाईचा फोन चार वर्षं विक्कीच्या शेतात होता. आणि ती निघाली त्या दिवशी तो तिच्यासोबत निघाला होता.

"नौशादभाऊ," ती हळूच म्हणाली, "माह्यं लोकेशन कोणी मागतलं काय?"

त्याने मान खाली घातली. "एजन्सीवाल्याइच्या ग्रुपवर काल महागावच्या एकानं मागतलं. तुमचं आधार त्याच्याजवळ असन, त्याच्यावरून नवा नंबर निघते. आज सकाळी यवतमाळच्या पोरानं देऊन टाकलं. मले आत्ता दिसलं, ताई. मी तुमच्याकडेच येणार होतो."

खरंच येणार होता की नाही, देव जाणे. त्याने मोबाईल पुढे केला. नकाशावर आपली गल्ली पाहायची तयारी करून अर्पिताने डोळे उघडले. पण तिथे गल्लीच नव्हती. हिरव्या पट्ट्यांत एक लाल टिंब होतं. नाल्याचं वळण, बांधावरची कडुनिंबाची रांग, आणि कोपऱ्यात तो पत्रा.

"हे तं चुकलं हाये," नौशाद म्हणाला. "नंबर तुमचाच टाकला, अन् जागा महागावची दाखोते."

खाली विक्कीचा मेसेज होता. 'थे तिथं कशी पोहचली?' मग दहा मिनिटांनी एकच शब्द, 'जातो.'

चोराच्या मनात चांदणं. दुसरी कुठलीही जागा असती तर तो शांतपणे चार दिवसांनी आला असता. पण बायको त्याच विहिरीपाशी बसली आहे म्हटल्यावर त्याला दम कसा निघणार?

तिसऱ्या दिवशी अक्षयचा फोन आला. विक्की विहिरीत सापडला होता. पत्रा त्याने स्वतःच सरकवलेला होता, कुणाशी झटापट झाल्याची खूण नव्हती. पण त्याला काढायला गळ टाकला तेव्हा खालून आणखी कुणीतरी वर आलं. हाडं, हिरव्या बांगड्या, आणि गाळाने भरलेला एक मोबाईल. गाव चार वर्षं सुरतेच्या नावाने बोटं मोडत होतं आणि ती बिचारी तिथेच होती.

"त्याचा मोबाईल मात्र कुठंच नाही भेटला," अक्षय म्हणाला. "पोलिसाइनं विहीर उपसून पाह्यली. जाऊ दे ताई, तू सुटली."

"सुंठीवाचून खोकला गेला," शकुबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं. अर्पिता रडली, पण ते रडणं सलोनीसाठी होतं. त्या दुपारी ती पहिल्यांदाच दार सताड उघडं टाकून झोपली. उठल्यावर तिने दोन कप चहा केला आणि एक सलोनीच्या त्या गुलाबी लोकरीच्या चार्जरजवळ ठेवला. चार्जर कोमट होता. तिला मुळीच भीती वाटली नाही. उलट या खोलीत आपण एकट्या नाही, याचंच तिला बरं वाटलं.

"तुले राहायचं तं राह्य बाई," ती म्हणाली. "तुह्यामुळंच वाचली मी."

रविवारी दुपारी दोनला फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, खुशी बोलतेय. तो फॅमिली प्लॅन…"

अर्पिता चक्क हसली. "घेते. जोडून टाका दुसरा नंबर."

"हो मॅडम. आणि तिसरा?"

"तिसरा कोणता?"

बटणांची टकटक झाली. "बुधवारपासून आलाय, मॅडम. शेवटचे आकडे चार-चार-सात-एक."

ते आकडे अर्पिताला झोपेतही पाठ होते. वर्षभर तिने ते नवऱ्याच्या नावाने पाहिले होते. तिने चार्जरला हात लावला. तो थंडगार होता.

"कुठं… कुठं हाये थो?"

"तुमच्याच खोलीत, मॅडम. आधी तुम्ही दोघी शेजारी-शेजारी होत्या ना… आता तो मध्ये आहे. पलीकडचा नंबर तर आता बंद दाखवतोय. म्हणजे तुमचे दोनच जोडू का?"

 अर्पिताच्या पाठीमागे, पलंगाच्या बाजूला, कुणीतरी तळहातात पन्नी घासत होतं. चर्रर्र… चर्रर्र… सावकाश, काही न बोलता. खोलीत ओल्या तंबाखूचा वास पसरला होता. तिने मागे पाहिलं नाही. ती फक्त तो आवाज ऐकत राहिली, कारण तो चालू होता तोवर ठीक होतं.

मग तो आवाज थांबला.