मेबलचं ‘हो’

हे खरं घडलेलं आहे.

शपथ मात्र घेणार नाही. आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांत शपथ घेत नाहीत. शपथेवर खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं बोलायला मोकळीक, असाच त्याचा अर्थ होतो ना? आमचं ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही. तेवढ्यावरच विश्वास ठेवा.

आणि भुताच्या गोष्टींतली असते तशी रात्रही नव्हती. लंडनमधली सकाळ होती, १६६६ साली शहर जाळणाऱ्या मोठ्या आगीच्या आधीच्या हिवाळ्यातली. माझी आई टॉमसिन माळ्यावर बसून पत्रकं शिवत होती. वडील आधीच गेले होते. मी पाळण्यात होते.

पत्रकं चोरून छापलेली. धर्मावर काही छापायला सरकारी परवाना लागायचा, आणि आम्हाला तो कोण देणार? छापलेले कागद टोपलीत कोबीखाली दडवून यायचे. आई हाडाच्या पट्टीनं घड्या दाबायची आणि सुईदोऱ्यानं पानं शिवायची.

त्या सकाळचं पत्रक मेबल हॅडकवर होतं. मेबल तुरुंगात तापानं गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते.

आईनं पहिली घडी दाबली.

सर्र...

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी घडी पडली.

सर्र...

तिकडे कुणीही नव्हतं.

आईनं मान वर केली नाही. ते मेबलचं टोक. म्हातारीचे हात इतके थरथरायचे, की तिला सुईत दोरा ओवता येत नसे. घड्या मात्र घालायची, आणि तोंडाचा पट्टा चालूच. “टॉमसिन, टाके बघ तुझे. देवाचं वचन शिवतेस की पिठाचं पोतं?”

धाड पडली तेव्हाही ती तिथेच बसली होती.

“हे कुणी लिहिलं?” अंमलदारानं विचारलं.

“मी,” मेबल म्हणाली, आणि ते खरंच होतं. “तू वाच एकदा. तुझंच भलं होईल.”

“मला अरेतुरे करतेस, म्हातारे?”

“देवालाही तूच म्हणते मी. तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास?”

मागचे शिपाई हसले. तो हसला नाही.

“आणि शिवली कुणी?”

आईनं मला मांडीवर ओढलं. सुई तिच्या एप्रनच्या आड, कमरेच्या कापडात टोचलेली होती. ती गप्प राहिली.

“तूच शिवलीस का गं, म्हातारे?”

मेबलनं माझ्याकडे पाहिलं.

“हो.”

शपथ घेत नाही म्हणून आधीही तुरुंग भोगलेली बाई. उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि त्यानंतर जगली नाही.

आमच्या मंडळींनी कौतुक कुणाचं करावं? माझ्या आईचं. “टॉमसिन, तू मौन सोडलं नाहीस. देवानं तुला बळ दिलं.” आमच्या सभेत पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, आणि आतून हाक आली तरच कुणी उठून बोलतं. त्यामुळे गप्प माणूस दिसला की तो देवाजवळ आहे असं आम्हाला वाटतं. आईची भीतीनं दातखीळ बसली होती, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. ‘मेबल हॅडकचं हो मरेपर्यंत हो राहिलं.’

दुसऱ्या दिवशी आई माळ्यावर आली, तर प्रत्येक पत्रकाचं शेवटचं पान सुटलेलं...

दोरा कापलेला नव्हता. कुणीतरी हळूहळू, थरथरत्या हातानं उसवला होता. सगळे दोरे टेबलाच्या त्या टोकाला पडले होते.

आईनं दुहेरी दोऱ्यानं पुन्हा शिवलं.

पुन्हा उसवलं.

आणि ती तिसऱ्यांदा सुई ओवत असताना, अगदी जवळून...

“नाही...”

एवढंच. आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता.

पहिल्या वारी, म्हणजे लोकांच्या रविवारी, सभा भरली. आई मला घेऊन नेहमीच्या बाकावर बसली. तिच्या उजवीकडची मेबलची जागा कुणी घेतली नव्हती. सगळे गप्प. कुणाच्या खोकल्याचासुद्धा आवाज नाही.

बाक करकरलं...

उजवीकडून.

मग आईच्या हातावर एक हात येऊन बसला. विहिरीच्या पाण्यासारखा गार. थरथरणारा.

आईला दिसलं काहीच नाही, पण तो काय मागतोय ते तिला पुरतं कळलं. उठायचं आणि एक वाक्य बोलायचं. ‘पत्रकं मी शिवली.’ पण सभेत सरकारचे खबरे बसलेले असायचे. तुरुंगात तोच ताप होता. माझं काय झालं असतं?

ती उठली नाही.

सभा संपली. सगळ्यांनी शेजाऱ्यांचे हात हातात घेतले. आईचा उजवा हात आधीच कुणाच्या तरी हातात होता.

तेवढ्यात जोनास थ्रेलफॉल जवळ आला. पत्रक त्यानंच लिहिलं होतं.

“टॉमसिन, उद्या गठ्ठे गाडीवानाबरोबर जाणार. मनाला एक टोचणी आहे, म्हणून विचारतो. ती जुनी पत्रकं मेबलनंच शिवली होती ना? तिचे हात तर...”

उजव्या हातावरची पकड घट्ट झाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली.

हात सुटला.

त्यानंतर एकही टाका उसवला नाही. पत्रकं गावोगाव गेली. आई पुढे पुष्कळ जगली, पण सभेत कधी उठून बोलली नाही. लोक तिला संत म्हणायचे, आणि ती मान खाली घालायची.

शेवटच्या आजारपणात तिनं मला हे सांगितलं. “ती रागावली असती तर बरं झालं असतं गं. तिनं नुसता हात सोडला.”

आता त्याच टेबलावर मी शिवते. ते पत्रक आमच्यात अजून वाचलं जातं. मंडळींना मी काही सांगितलेलं नाही. मेलेल्या आईला खोटारडी कसं म्हणायचं?

आईला पुरून आले, त्याच आठवड्यात मी घडी दाबली, आणि पलीकडून आवाज आला.

सर्र...

आणि लगेच मागोमाग...

सर्र...

दोन जागांवरून.

परवा खालची शेजारीण जिन्यातून ओरडून विचारत होती, “अगं, वर कोण बसलंय तुझ्याबरोबर?”

“कुणी नाही,” मी म्हणाले.